लांब एचडीएमआय केबल: आधी पाइप ठरवा, मग केबल

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका कुटुंबाने नव्या फ्लॅटसाठी ७७ इंची ओएलईडी टीव्ही घेतला आहे. टीव्ही हॉलच्या एका भिंतीवर लागणार. एव्ही रिसीव्हर (सगळ्या यंत्रांचं चित्र टीव्हीकडे आणि आवाज स्पीकरकडे पाठवणारं यंत्र), प्लेस्टेशन ५, ॲपल टीव्ही (नेटवरचे कार्यक्रम दाखवणारा छोटा खोका) आणि ब्ल्यू-रे प्लेअर समोरच्या भिंतीतल्या बंद कपाटात. सरळ अंतर ९ मीटर, पण पीओपीच्या वरून फिरवून आणलं की १४ मीटर. दुकानदाराने २० मीटरची जाडजूड तांब्याची केबल दाखवली आहे, खोक्यावर 'एचडीएमआय २.१, ८के' असं छापलेलं. पीओपीवाला पुढच्या आठवड्यात छत बंद करणार. ही केबल घ्यावी का, महाग केबलने चित्र खरंच सुधारतं का, आणि या सगळ्याऐवजी वायरलेस चालेल का, हे तुम्ही विचारलंय.

ती केबल घेऊ नका. १४ मीटरवर प्लेस्टेशनचं ४के १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० फ्रेमचं) चित्र हवं असेल तर साध्या तांब्याच्या केबलच्या भरवशावर राहता येत नाही, काचेच्या तंतूंतून प्रकाशाने चित्र नेणारी ऑप्टिकल केबलच घ्यावी लागते. पण केबलची खरेदी दोन आठवडे पुढे गेली तरी काही बिघडणार नाही. पाइपाचं काम मात्र छत बंद व्हायच्या आत झालंच पाहिजे, म्हणून आधी त्याबद्दल.

एचडीएमआय दर काही वर्षांनी बदलतं. पहिली आवृत्ती २००२ च्या डिसेंबरात आली. २०१३ च्या २.० मध्ये क्षमता १८ जीबीपीएस (सेकंदाला १८ अब्ज बिट) झाली, २०१७ च्या २.१ ने ती ४८ वर नेली आणि २०२५ च्या २.२ ने ९६ वर. छत तुम्ही तितक्या वेळा फोडणार नाही. शिवाय ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांत इलेक्ट्रॉनिक्स असतं आणि ते कधी तरी बिघडणारच. म्हणून भिंतीत किंवा छतात केबल नुसती गाडून वर गिलावा केलेला मला चालत नाही. केबल ओढून काढता आली पाहिजे आणि नवी घालता आली पाहिजे, एवढी अट मान्य असेल तरच मी काम हातात घेतो.

वायरमन सवयीने २० किंवा २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप टाकतात. लाइटच्या वायरींना तो पुरतो. एचडीएमआयच्या प्लगचा नुसता धातूचा भागच जवळजवळ १४ मिलिमीटर रुंद असतो आणि त्यामागचं प्लॅस्टिकचं डोकं २० च्या आसपास जातं. २५ च्या पाइपाची आतली पोकळी २१-२२ भरते. सरळ पाइपात डोकं कसंबसं सरकतं, पहिल्या वळणावर अडकतं, आणि मग वायरमन जोर लावतो. केबलची वाट तिथेच लागते. ४० मिलिमीटरचा पाइप घ्या, जागा असेल तर ५० चा. वळणाला काटकोनी एल्बो लावू देऊ नका, लांब गोलाईचे बेंड मागा. छतात जागा भरपूर असते, अडचण भिंतीत उतरताना येते. चार इंची वीटकामात ४० च्या पाइपासाठी झिरी मारणं भिंतीच्या जिवावर येतं, आणि कॉलम किंवा बीमला तर कुणालाही छिन्नी लावू देऊ नका. टीव्हीमागे प्लायवूडचं पॅनल करणार असाल तर पाइप पॅनलच्या पोकळीतून उतरवा, झिरीचा प्रश्नच मिटतो. पॅनल नसेल तर सुताराकडून तेवढ्यापुरती उभी पट्टी करून घ्या.

पाइपात नायलॉनची दोरी कायमची सोडून ठेवा, दोन्ही टोकं बाहेर बांधून. केबल ओढताना तिच्यासोबत दुसरी दोरीही ओढायची, म्हणजे पुढच्या वेळेसाठी दोरी परत तयार. त्याच पाइपातून कॅट-६ च्या दोन वायरी टीव्हीपर्यंत नेऊन ठेवा. टीव्हीला इंटरनेटसाठी एक लागेलच. २३० व्होल्टच्या वायरी मात्र या पाइपात अजिबात नकोत, त्यांचा पाइप वेगळा.

दोन्ही तोंडांना भिंतीवर एचडीएमआयचं सॉकेट असलेली प्लेट बसवायचा मोह होतो, दिसायला ती छान दिसते. तिथे केबल तुटून पुन्हा जोडली जाते आणि ४८ जीबीपीएसला असा प्रत्येक जोड महागात पडतो. ब्रश असलेली किंवा नुसतं भोक असलेली प्लेट लावा आणि केबल अखंड बाहेर काढा.

आता किती क्षमता लागते ते पाहू. हा हिशोब एकदा कळला की दुकानातल्या निम्म्या बडबडीतून सुटका होते. ४के चित्र ३८४० बाय २१६० पिक्सेलचं. केबलवरून जाताना ओळींमधली आणि फ्रेममधली रिकामी जागा धरून ते ४४०० बाय २२५० होतं. सेकंदाला असे ६० फ्रेम, म्हणजे ५९.४ कोटी पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलचे २४ बिट; पाठवण्याच्या जुन्या पद्धतीत ८ बिटांचे १० होतात, म्हणून २४ चे ३०. गुणाकार येतो १७.८२ जीबीपीएस. एचडीएमआय २.० ची १८ ची मर्यादा या आकड्याला जेमतेम पुरते. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, त्यामुळे १० बिट एचडीआर सिनेमाला ११.१४ जीबीपीएस पुरतात. साध्या १०८०पी चित्राला तर साडेचारच्याही आत काम होतं. जुन्या घरातली १५ मीटरची केबल एचडी सेट-टॉप बॉक्सला वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली आणि ४के टीव्ही लावल्याबरोबर पडदा काळा व्हायला लागला, त्याचं कारण हे. केबल तीच आहे, तिच्यावरचा भार चौपट झाला.

तुमच्या कपाटातली यंत्रं आता या हिशोबात बसवा. ब्ल्यू-रे प्लेअरवर बहुतेक सिनेमे २४ फ्रेमचे, म्हणजे ११-१२ जीबीपीएस. ॲपल टीव्ही ६० फ्रेमपर्यंत जातो, म्हणजे १८ च्या आत. १८ च्या वर जाणारं यंत्र तुमच्याकडे एकच, प्लेस्टेशन ५. १२० हर्ट्झला ते ३२ जीबीपीएसपर्यंत जातं. एक्सबॉक्स सिरीज एक्स असता तर ४० धरावे लागले असते, नव्या ग्राफिक्स कार्डाचा गेमिंग कॉम्प्युटर असता तर पूर्ण ४८. केवळ सिनेमे आणि ओटीटी पाहणाऱ्या घरात १८ ची चांगली केबल पुरेशी आहे, आणि तसं मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो. तुमच्याकडे मुलं १२० हर्ट्झला गेम खेळणार आहेत, म्हणून ४८ ची घ्या.

तांब्यात अडचण कुठे येते? इतक्या वेगाच्या सिग्नलमध्ये वीज तारेच्या आतून वाहत नाही, वरच्या कातडीवरून, मिलिमीटरच्या साधारण हजाराव्या भागाइतक्या जाडीतून वाहते. वेग वाढेल तशी ही कातडी आणखी पातळ होते आणि तोटा वाढतो. भोवतालचं प्लॅस्टिकही थोडी ऊर्जा खातं. म्हणून लांब केबलमध्ये तार जाड घेतात: २८ एडब्ल्यूजीची (एडब्ल्यूजी म्हणजे तारेच्या जाडीचं माप) तार ०.३२ मिलिमीटरची, २४ ची ०.५१ मिलिमीटरची. आकडा कमी तितकी तार जाड, हे दुकानात बऱ्याचदा उलटं सांगितलं जातं. जाड तारेची १० मीटरची केबल बोटाएवढी जाड आणि ताठ होते. भिंतीला चिकटून बसलेल्या टीव्हीच्या मागे ती वळवताना सगळा ताण पोर्टवर येतो. असे सैल झालेले पोर्ट मी दुरुस्तीला गेलेले पाहिले आहेत, आणि ओएलईडीच्या मेनबोर्डचा खर्च कुठल्याही केबलपेक्षा जास्त असतो.

दुसरा त्रास चित्राच्या तारांचा नसतोच. १९ पिनांपैकी १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून टीव्ही आणि यंत्र एकमेकांशी बोलतात: माझी क्षमता काय, कॉपी-संरक्षणाची चावी जुळते का, वगैरे. हा संवाद संथ असतो, पण लांब तारेतली कपॅसिटन्स (विद्युतभार साठवून धरायचा गुण) त्याला नडते. केबलसाठी तिची मर्यादा ७०० पिकोफॅरड ठरलेली आहे. स्वस्त लांब केबल ती ओलांडते आणि मग चित्राच्या तारा धडधाकट असूनही पडद्यावर काहीच येत नाही, किंवा टीव्ही बंद करून चालू केल्यावरच येतं.

अनुभवाचं माप सांगतो. ४८ साठी साधी तांब्याची केबल ३ मीटरपर्यंत निर्धास्त घ्या, ५ मीटरपर्यंत प्रमाणित असेल तरच घ्या. १८ साठी ५ मीटरपर्यंत चिंता नाही, ७-८ मीटरला चांगली जाड केबल लागते, आणि त्यापुढे टीव्हीच्या बाजूच्या डोक्यात चिप असलेली केबल किंवा ऑप्टिकल. तुमच्या दुकानातल्या २० मीटरच्या साध्या तांब्याच्या केबलवर ८के लिहिणाऱ्याने ती ८के वर कधी चालवून पाहिलेली नाही.

त्या खोक्यावरून आणखी एक गोष्ट कळते. एचडीएमआयच्या परवान्याच्या नियमांप्रमाणे केबलवर २.० किंवा २.१ असा आवृत्तीचा आकडा छापायचाच नसतो. आवृत्ती यंत्राची असते, केबलला वर्ग असतो. १८ जीबीपीएसच्या प्रमाणित केबलला 'प्रीमियम हाय स्पीड' म्हणतात, ४८ च्या केबलला 'अल्ट्रा हाय स्पीड', आणि ९६ च्या नव्या वर्गाला 'अल्ट्रा९६'. प्रमाणित 'अल्ट्रा हाय स्पीड' केबलच्या खोक्यावर क्यूआर कोडचं लेबल असतं. एचडीएमआयचं अधिकृत तपासणी ॲप फोनवर घ्या आणि दुकानात उभं राहून ते लेबल स्कॅन करा. ॲपमध्ये कंपनी, मॉडेल आणि लांबी येते. लांबी नीट वाचा, कारण प्रमाणपत्र लांबीगणिक वेगळं मिळतं. २ मीटरच्या केबलचं लेबल १५ मीटरच्या खोक्यावर चिकटवलं असेल तर ते इथेच पकडलं जातं. नुसतं कॅमेऱ्याने स्कॅन करून एखादी वेबसाइट उघडली म्हणजे तपासणी झाली असं समजू नका. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, चांगला दुकानदार खोकं उघडायच्या आधी स्कॅन करू देतो. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

किमतीचा प्रश्न. केबलमधून आकडे जातात. ते बरोबर पोहोचले तर चित्र पूर्ण बरोबर, नाही पोहोचले तर बिघाड डोळ्यांना दिसतो. महाग केबलने काळा रंग गडद होत नाही, त्वचेचा रंग उजळत नाही, आवाज 'मोकळा' होत नाही. हे दावे करणाऱ्याला तुमच्या पैशांशी मतलब आहे. पैसे लागतात ते लांबी आणि वेग एकत्र आल्यावर, आणि तिथे ते खर्च करायलाच हवेत. सोन्याचा मुलामा किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत उपयोगी पडतो. रत्नागिरी किंवा पणजीत मुलामा नसलेल्या प्लगवर हिरवट थर चढलेला मी पाहिला आहे. पण तो मुलामा आता बेताच्या किमतीतही मिळतो. कापडी विणीचं वेष्टण मात्र पाइपात ओढायला त्रासदायक, गुळगुळीत बाहेरचं आवरण बरं.

कमजोर केबल ओळखायची कशी, ते जरा तपशिलात सांगतो, कारण लोक टीव्हीलाच दोष देतात. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे १८ पर्यंतच्या सिग्नलमध्ये चित्राच्या चुका दुरुस्त करायची सोय नाही. एखादा बिट चुकला की तो पिक्सेल चुकला. अंधाऱ्या दृश्यात पांढरे, कधी हिरवे-गुलाबी ठिपके क्षणभर चमकून जातात. आकाश किंवा काळी पार्श्वभूमी असली की ते पटकन दिसतात, गर्दीच्या दृश्यात लपतात. थोडं आणखी बिघडलं की चित्र दोन सेकंद जातं आणि परत येतं. १८ च्या वरच्या नव्या पद्धतीत चूकदुरुस्ती आहे, म्हणून तिथे ठिपके फारसे दिसतच नाहीत. तिथे यंत्र आणि टीव्ही सुरुवातीलाच केबल चाचपून पाहतात आणि जमत नसेल तर गुपचूप खालच्या वेगावर उतरतात. चित्र छान दिसत असतं, तुम्ही खूश असता, आणि प्रत्यक्षात १२० हर्ट्झ चालूच नसतं. प्लेस्टेशनच्या व्हिडिओ आउटपुटच्या माहितीच्या पानावर प्रत्यक्ष किती रिझोल्यूशन आणि किती हर्ट्झ जातंय ते लिहिलेलं असतं. विश्वास त्या पानावर ठेवा. तिथेच ४के ट्रान्स्फर रेटची सेटिंग आहे: 'ऑटोमॅटिक', '-१', '-२'. '-२' केल्यावर त्रास थांबत असेल तर दोष जवळजवळ नक्की केबलचा.

आता ऑप्टिकल केबल. हिच्या यंत्राकडच्या डोक्यात चार बारीक लेझर असतात, टीव्हीकडच्या डोक्यात प्रकाश पकडणारे चार सेन्सर, आणि मध्ये काचेचे चार तंतू. ५ मीटर काय आणि ३० मीटर काय, चित्राला फारसा फरक पडत नाही. यंत्र आणि टीव्हीचा आपसातला संवाद, रिमोटचे आदेश, परतीचा आवाज आणि ५ व्होल्ट या गोष्टी बहुतेक केबलमध्ये सोबतच्या बारीक तांब्याच्या तारांवरून जातात. केबल पाच-सहा मिलिमीटर जाडीची, मऊ, वळायला सोपी.

ती एकदिशेची असते. एका डोक्यावर 'सोर्स', दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. उलटी लागली तर चित्र येणार नाही, आणि १४ मीटर पाइपातून ओढून झाल्यावर हे कळलं तर सगळं परत काढावं लागतं. ओढायच्या आधी दोन्ही डोक्यांना रंगीत टेप लावा आणि वायरमनला दाखवा. 'डिस्प्ले'चं डोकं टीव्हीकडे, 'सोर्स'चं रिसीव्हरकडे. टीव्हीचा आवाज ई-आर्कने (त्याच केबलवरून आवाज परत पाठवायच्या सोयीने) उलट रिसीव्हरकडे येणार असला तरी डोकी अशीच राहतात, कारण दिशा फक्त चित्राची ठरलेली आहे. साउंडबार लावणारे इथे हमखास गोंधळतात. ई-आर्क चालतो असं केबलच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं असावं. काही जुन्या ऑप्टिकल केबलमध्ये त्याच्या तारा नव्हत्या.

डोक्यातलं इलेक्ट्रॉनिक्स यंत्राच्या ५ व्होल्टवर चालतं. यंत्राने त्या पिनेवर किमान ५५ मिलिॲम्पिअर द्यावेत असा नियम आहे, आणि एवढ्यावर काही केबल अडखळतात. म्हणून यूएसबीने वेगळी वीज द्यायची सोय असलेली केबल मी पसंत करतो. सहसा ती लागत नाही, पण लागली तर वाचवते. डोकं कोमट लागतं ते स्वाभाविक आहे. गरम हवेत लेझरचं आयुष्य घटतं, त्यामुळे तुमच्या बंद कपाटाला वर-खाली जाळी ठेवा. रिसीव्हरलाही तिची गरज आहे.

काच असल्यामुळे ओढताना हयगय चालत नाही. डोक्याला दोरी बांधून ओढू नका. सोबत मिळणारी टोपी डोक्यावर चढवा, दोरी डोक्यामागच्या केबलला वीत-दीड वीत गुंडाळून टेप मारा, म्हणजे ताण केबलच्या आवरणावर येतो. एकाने ओढायचं, दुसऱ्याने मागून केबल सोडत राहायचं. अडली तर थांबा, थोडी मागे घ्या, पाइपात टाल्कम पावडर फुंका. खिळ्याची क्लिप ठोकून केबल आवळू नका आणि उरलेल्या केबलची बशीएवढी मोठी, सैल वेटोळी करा. घट्ट बांधलेली गुंडाळी हे ऑप्टिकल केबल मरण्याचं नेहमीचं कारण आहे. डोकं सुटं करता येणाऱ्या केबलही मिळतात. अरुंद पाइप आधीच टाकून झालेल्या घरात त्या कामाला येतात, पण तिथे एक जोड वाढतो. तुम्हाला ४० चा पाइप टाकता येतोय, तर अखंड केबलच घ्या.

लांबी मोजायची ती पाइपात आधीच असलेल्या दोरीने. तिच्यावर टीव्हीमागे अर्धा मीटर आणि कपाटात दीड मीटर सूट धरा, कारण रिसीव्हर पुढे ओढून मागच्या तारा लावाव्या लागतात. तुमचं मोजमाप बरोबर असेल तर १६ मीटर होतील. पुढचं जे माप दुकानात मिळेल ते घ्या.

अजून एक मार्ग आहे आणि तो मी मनापासून सुचवतो. चित्र देणारी सगळी यंत्रं रिसीव्हरमधूनच टीव्हीला जोडायला हवीत असं नाही. ॲपल टीव्ही टीव्हीमागे चिकटवा, २ मीटरच्या साध्या प्रमाणित केबलने जोडा. त्याचा रिमोट ब्लूटूथवर चालतो, तो समोर दिसायची गरज नाही. प्लेस्टेशन पॅनलखालच्या कप्प्यात बसत असेल तर तोही तिथेच. मग लांब केबलवरून फक्त ब्ल्यू-रेचं चित्र आणि परतीचा ई-आर्कचा आवाज जाईल. ई-आर्कचा आवाज जास्तीत जास्त ३७ एमबीपीएसचा असतो, म्हणजे चित्राच्या तुलनेत काहीच नाही, आणि ब्ल्यू-रेला १८ ची ऑप्टिकल पुरते. रिसीव्हरच्या चिपशी होणारी भांडणंही यात टळतात: २०२० च्या काही रिसीव्हरमध्ये ४के १२० चे काही सिग्नल आत गेले की पडदा काळा व्हायचा, आणि लोक महिनोन्महिने केबल बदलत बसले होते. तुमच्या टीव्हीचे पोर्ट मोजा. सोनीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये १२० हर्ट्झचे पोर्ट दोनच असतात आणि त्यातला एक ई-आर्कचाही असतो. डीटीएस आवाजाच्या डिस्क असतील तर ब्ल्यू-रे रिसीव्हरमधूनच राहू द्या, कारण सगळे टीव्ही डीटीएस पुढे पाठवत नाहीत.

वायरलेस तुमच्यासाठी नाही. एलजीने २०२३ मध्ये एम मालिकेत ४के १२० हर्ट्झ बिनतारी आणलं, पण तो टीव्हीसोबतच येणारा खोका आहे, कुठल्याही टीव्हीला वेगळा लावता येत नाही. बाजारातले बहुतेक सुटे वायरलेस संच १०८०पी चेच आहेत, चित्र दाबून पाठवतात आणि उशीर लावतात. सिनेमात कळत नाही, गेम खेळताना लगेच कळतं. कॅट-६ वरून चित्र नेणारे एचडीबेसटीचे जोड ऑफिस आणि सभागृहांसाठी उत्तम आहेत, पण ४के १२० साठी नाहीत.

केबल आली की पाइपात घालायच्या आधी जमिनीवर पसरून तपासा, आणि हे काम परत करायच्या मुदतीच्या आत उरका. नव्या टीव्हीचा पोर्ट सुरुवातीला कमी क्षमतेवर असू शकतो, आणि त्या अवस्थेत कमजोर केबलही पास होते. म्हणून आधी ती सेटिंग पूर्ण क्षमतेवर आणा: सोनीत 'एनहान्स्ड फॉरमॅट', सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीत 'एचडीएमआय डीप कलर'. मग प्लेस्टेशनवर १२० हर्ट्झचा गेम लावून एक संध्याकाळ चालू ठेवा. ॲपल टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'चेक एचडीएमआय कनेक्शन' आहे, तेही चालवा. टीव्ही बंद-चालू करून पाहा, रिसीव्हरचे इनपुट बदलून पाहा, दर वेळी चित्र आपसूक आलं पाहिजे. पाइपात ओढून झाल्यावर हेच सगळं पुन्हा एकदा.

शेवटची जोडणी करताना अर्थिंग पाहा. टीव्हीमागच्या उघड्या धातूला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर तिथलं अर्थिंग नीट नाही, किंवा दोन-पिनी प्लगचं यंत्र तरंगत्या व्होल्टेजवर आहे. हॉलच्या दोन टोकांची यंत्रं अशा अवस्थेत चालू ठेवून एचडीएमआय खुपसली तर बारीक ठिणगी पडते आणि पोर्ट जातो. ऑप्टिकल केबलमध्येही तांब्याच्या तारा असतात, त्यामुळे ती आहे म्हणून हा धोका टळत नाही. दोन्ही सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या. डिश अँटेनाची कोॲक्स वायर रिसीव्हरकडे येत असेल तर तिलाही अर्थिंग हवं. मे-जूनच्या वळवात आणि परतीच्या पावसात वीज बहुधा त्या वाटेने घरात शिरते. केबल जोडायच्या आधी टीव्ही, रिसीव्हर आणि सेट-टॉप बॉक्सचे प्लग भिंतीतून काढा, नुसतं स्टँडबाय पुरत नाही. सगळ्या एचडीएमआय केबल लावा, नंतर प्लग घाला, आणि आधी टीव्ही, मग रिसीव्हर, मग प्लेस्टेशन या क्रमाने चालू करा.